पुरस्कार कुणी ठरवायचे? आधी सांगा, सिनेमा पाहिला कुणी?

2025च्या एप्रिलमध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं एक नियम जाहीर केला. शेवटच्या फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं असेल, तर त्या विभागातले नामांकन मिळालेले सगळेच्या सगळे चित्रपट सभासदानं पाहिलेले असले पाहिजेत. अकादमीच्या ॲपवर पाहिला, तर त्याची नोंद होते; दुसरीकडे कुठे, एखाद्या महोत्सवात वगैरे, पाहिला असेल तर कुठे आणि केव्हा ते फॉर्म भरून कळवायचं.

मी बातमी दोनदा वाचली. मोजके काही विभाग सोडले, तर आजवर ही सक्ती नव्हती? म्हणजे जगातला सगळ्यात गाजावाजा होणारा चित्रपट पुरस्कार इतकी वर्षं अशाही मतांवर ठरत होता, की दोन चित्रपट पाहिलेत, तिसऱ्याबद्दल ऐकलंय आणि उरलेल्यांची नावं आत्ता मतपत्रिकेवरच वाचतोय!

पुरस्कारांचा मोसम आला की एक भांडण ठरलेलं असतं. लोकांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा हात हलवत परत येतो आणि ज्याचं नावही आपण ऐकलं नव्हतं, तो पुरस्काराची बाहुली घेऊन जातो. मग एक बाजू म्हणते, सिनेमा लोकांसाठी असतो, लोकांनाच ठरवू द्या. दुसरी म्हणते, लोकांना काय कळतंय, ज्यांचं आयुष्य या कामात गेलं त्यांनी ठरवावं. मला हे भांडण चुकीच्या जागी रेघ ओढून चाललेलं वाटतं. का, ते सांगतो. पण आधी पुरस्कार ठरतात कसे, ते पाहू.

ठरवणारे कोण असतात?

ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला, धंद्यातल्याच माणसांचा. ऑस्कर हे त्याचं ठळक उदाहरण. सुमारे 10 हजार मतदार, आणि ते सगळे सिनेमात काम करणारे किंवा केलेले. बहुतेक विभागांत नामांकन, म्हणजे अंतिम यादीत कुणाला घ्यायचं, हे त्या त्या कामातली माणसं ठरवतात: संकलक संकलकांना निवडतात, छायालेखक छायालेखकांना. शेवटच्या फेरीत मात्र सगळे सभासद सगळ्या विभागांत मत देऊ शकतात. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा प्रकार ज्युरीचा, म्हणजे नेमलेल्या छोट्या परीक्षक मंडळाचा. फ्रान्समधल्या कान महोत्सवात मुख्य स्पर्धेला साधारण नऊ जणांची ज्युरी असते. आपले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारही ज्युरीच ठरवते. माणसं थोडी, एका खोलीत बसलेली, आणि चित्रपट पाहणं हेच त्यांचं त्या दिवसांतलं काम.

तिसरा, लोकांच्या मतांचा. हा प्रकार इंटरनेटनं आणला असं अनेकांना वाटतं, पण फिल्मफेअर पुरस्कार 1954 साली सुरू झाले ते वाचकांच्या मतांवर. तेव्हा त्यांचं नाव 'क्लेअर पुरस्कार' होतं, क्लेअर मेंडोन्सा या समीक्षक बाईंच्या स्मरणार्थ. गंमत बघा, नाव समीक्षकाचं आणि मत वाचकांचं. त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाले आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक ज्युरीनं आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला दिलं. म्हणजे आपल्याकडे या दोन्ही वाटा एकाच वर्षी फुटल्या.

हा पेच पहिल्या दिवसापासूनचा

पहिला ऑस्कर सोहळा 16 मे 1929 रोजी झाला आणि पुरस्कारवाटप पंधरा मिनिटांत आटोपलं. (आजचे साडेतीन तासांचे सोहळे पाहिले की त्या पंधरा मिनिटांचा हेवा वाटतो.) त्या वर्षी सगळ्यात वरचे पुरस्कार दोन होते. एक उत्कृष्ट चित्रपटाचा, तो भव्य युद्धपट असलेल्या 'विंग्ज'ला मिळाला. दुसरा 'अनोख्या आणि कलात्मक' निर्मितीचा, तो 'सनराइज'ला. एकाच चौकटीत दोन वेगळ्या गोष्टी बसत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं म्हणायचं. पुढच्या वर्षी दुसरा पुरस्कार बंद केला आणि सगळं ओझं एकाच बाहुलीवर आलं.

वर्गात पहिला कोण आणि वर्गात सगळ्यांचा लाडका कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कधीकधी दोन्हींचं उत्तर एकच मुलगा असतो. पण प्रगतिपुस्तकावर 'पहिला' असं लिहून आत लाडक्याचं नाव घातलं, तर दोघांवरही अन्याय होतो.

'तिकीट काढलं, हेच लोकांचं मत नाही का?'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि वरवर बिनतोड वाटतो. लोकांनी खिशातले पैसे मोजले, याहून खरं मत कुठलं?

फक्त एक अडचण आहे. तिकीट आपण सिनेमा पाहण्याआधी काढतो. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला सिनेमा कसा आहे ते सांगत नाही; जाहिरात कशी होती, नट कोण होता, सुट्टी कधी आली आणि पडदे किती मिळाले, ते सांगतो. सिनेमा कसा होता याचा थोडाफार अंदाज दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो, जेव्हा पाहून आलेला माणूस शेजाऱ्याला 'जा' किंवा 'जाऊ नको' म्हणतो.

दुसरी अडचण पडद्यांची. एक सिनेमा चार हजार पडद्यांवर लागतो आणि दुसरा चाळीस. मग विचारायचं, लोकांना कुठला आवडला? ज्या गावात एकच वर्तमानपत्र येतं, तिथे 'तुमचं आवडतं वर्तमानपत्र कोणतं' असं विचारण्यासारखं आहे हे. उत्तर खरं असतं, पण ते आवडीबद्दल नसतं.

2010 सालच्या ऑस्करला हे टोकाला गेलं. एका बाजूला 'अवतार', तोवरच्या इतिहासात सगळ्यात जास्त कमावणारा चित्रपट. दुसऱ्या बाजूला 'द हर्ट लॉकर', ज्यानं अमेरिकेत 2 कोटी डॉलरही जमवले नव्हते. जिंकला दुसरा. त्यात आणखी एक विनोद आहे. आदल्या वर्षी 'द डार्क नाइट'सारख्या तुफान चाललेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं नाही म्हणून ओरड झाली, आणि अकादमीनं नामांकनं पाचवरून दहा केली. लोकप्रिय सिनेमांना आत यायला दार मोठं केलं. ते आले. आणि त्याच वर्षी बक्षीस गेलं ते कुणी फारसा न पाहिलेल्या चित्रपटाला.

मला स्वतःला त्यात अन्याय दिसत नाही. गल्ला हाच एक पुरस्कार आहे. तो रोख मिळतो आणि दर शुक्रवारी वाटला जातो. बाहुलीनंही तेच सांगायचं असेल, तर बाहुली कशाला, तिकीटबारीचा आकडाच छापा.

बैलाचं वजन आणि सिनेमाचं वजन

'पण हजारो लोकांचं मिळून मत हे दहा तज्ज्ञांपेक्षा बरोबर असतं, असं शास्त्रच सांगतं ना?' हो, आणि त्यामागची गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1906 साली इंग्लंडमध्ये प्लिमथला जनावरांच्या प्रदर्शनात एक स्पर्धा होती: समोरचा बैल कापून साफ केल्यावर वजन किती भरेल ते चिठ्ठीवर लिहा. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं नंतर त्या चिठ्ठ्या मिळवल्या. वाचता येण्याजोग्या 787 निघाल्या. त्या चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधला आकडा आला 1,207 पौंड. खरं वजन होतं 1,198. गर्दीची चूक एका टक्क्याहून कमी.

हे उदाहरण लोकमताच्या बाजूनं नेहमी दिलं जातं, पण त्याच्या अटी सांगितल्या जात नाहीत. बैल सगळ्यांनी पाहिलेला होता. प्रत्येकानं आपापला अंदाज केला होता, 'बैलप्रेमी संघटने'च्या आदेशावरून नव्हे. चिठ्ठीला सहा पेन्स मोजावे लागत होते, त्यामुळे टवाळ पोरं दूर राहिली, हे गाल्टननं स्वतः नोंदवलंय. आणि मुख्य म्हणजे बैलाला वजन होतं. शेवटी काट्यावर घालून खरं-खोटं करता येत होतं.

आता 2022 सालचा प्रकार बघा. ऑस्करनं ट्विटरवर 'चाहत्यांचा आवडता' चित्रपट निवडायला लोकांना बोलावलं. एका माणसाला दिवसाला वीस मतं देता येत होती, फुकट. जिंकला 'आर्मी ऑफ द डेड'. त्या मोसमात जगभर सगळ्यात जास्त कमावणारा 'स्पायडरमॅन' मागे राहिला. म्हणजे हा कौल तज्ज्ञांचा नव्हता हे खरं, पण धड लोकांचाही नव्हता. तो होता त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाच्या, झॅक स्नायडरच्या, चाहत्यांच्या चिकाटीचा. आपला तो बाब्या! दिवसाला वीसदा, न थकता.

चाहत्यांना मी नावं ठेवत नाही. प्रेम असंच असतं. पण ते मोजायला घेतलं की मोजणी प्रेमाची तीव्रता सांगते, प्रेमाचा पसारा नाही आणि सिनेमाचा दर्जा तर नाहीच. ज्यानं वीस मतं दिली, त्यानं बाकीचे चित्रपट पाहिले होते का, हे कुणी विचारलं नाही.

'मग आतल्या लोकांना तरी काय मोठं कळतं?'

हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे 'आतला' आणि 'जाणकार' या दोन शब्दांची सरमिसळ होते.

2012 मध्ये लॉस एंजलिस टाइम्सनं अकादमीच्या मतदारांची छाननी केली. जवळपास 94 टक्के गोरे, 77 टक्के पुरुष, आणि मध्यम वय 62. म्हणजे निम्मे मतदार बासष्टीच्या पुढचे. त्यांना सिनेमा कळत नाही असं नाही, पण साठी ओलांडलेल्या गोऱ्या पुरुषांच्या मेळाव्यात जे आवडेल, त्याला 'जाणकारांची पसंती' म्हणायचं हे जरा जास्तच झालं. पुढे ओरड झाली, दारं उघडली, परदेशांतले बरेच सभासद आले. गोल्डन ग्लोबची कथा तर आणखी वाईट. 2021 मध्ये तो पुरस्कार जेमतेम 90 परदेशी पत्रकारांची संघटना देत होती आणि तिच्यात एकही कृष्णवर्णीय सभासद नाही, हे उघडकीला आल्यावर पुढच्या वर्षीचं टीव्ही प्रक्षेपणच रद्द झालं.

आतल्यांना आणखी एक अडचण असते: ते आत असतात. ज्याला मत द्यायचं त्याच्याबरोबर उद्या काम करायचं असतं, ज्याला द्यायचं नाही त्याच्याकडे काम मागायचं असतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? म्हणून पुरस्कारांच्या मोहिमा चालतात. खास खेळ, मेजवान्या, पानभर जाहिराती. मत विकत घेतलं जातं असं नाही, पण लक्ष विकत घेतलं जातं, आणि दहा हजार कामात बुडालेल्या माणसांच्या बाबतीत लक्ष म्हणजे अर्धं मत.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. ध्वनीच्या विभागात नामांकन ध्वनीवाले ठरवतात, पण विजेता ठरवताना नट, वेशभूषाकार, प्रसिद्धीवाले, सगळे मत देऊ शकतात. ध्वनीच्या बाबतीत वेशभूषाकार तुमच्या-माझ्याइतकाच 'लोक' आहे. फरक एवढाच, की त्याच्याकडे ओळखपत्र आहे.

जाणकार म्हणजे काय, हे मी एकदा पाहिलं

काही वर्षांपूर्वी मी एका लघुपट स्पर्धेला परीक्षक होतो. आम्ही तिघं, दोन दिवस, अडतीस लघुपट. तिघांपैकी एक छायालेखक होते, बरंच काम केलेले.

पहिल्या दिवशी दुपारी एक फिल्म आली. एक म्हातारी आतल्या अंधाऱ्या खोलीतून बाहेरच्या उन्हात येते, दारात थांबते, परत आत जाते. संवाद नाही. मी वहीत लिहिलं, 'संथ. विषय नाही.' छायालेखकांनी फिल्म थांबवायला लावली आणि मागे घेतली. 'तिचा चेहरा बघा,' म्हणाले. परत मागे घेतली. 'अंधारातही दिसतो, उन्हातही दिसतो, आणि मधे कुठे उडी नाही. चालता चालता लेन्सचं तोंड, उजेड आत घेणारं भोक, हातानं लहानमोठं करत आणलंय, तिच्या पावलागणिक. जरा पुढेमागे झालं असतं तर दारात ती पांढरी फट्ट झाली असती.' तिसऱ्यांदा पाहिल्यावर मला दिसलं. आणि ते दिसल्यावर फिल्मचा विषयही दिसला: बाहेरचा उजेड त्या बाईला सोसत नव्हता, आणि कॅमेऱ्यानं मात्र तिला एक क्षणही त्रास होऊ दिला नव्हता.

याला मी जाणकारी म्हणतो. ज्यांना ती आहे ती माणसं आपल्याला आधी न दिसलेलं दाखवतात. टाळ्या मोजून हे कळलं नसतं.

आता दुसरा दिवस. एका फिल्मला सभागृहातली निम्मी माणसं डोळे पुसत होती. आमचे छायालेखक पहिल्या मिनिटापासून चुळबुळत होते, कारण तिचा रंग त्यांना आवडला नव्हता. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. ज्या नजरेनं म्हातारीचा चेहरा पाहिला, त्याच नजरेनं ही फिल्म पाहू दिली नाही. जाणकारीला किंमत असते आणि ती कधीकधी अशी मोजावी लागते.

शेवटी काय झालं? त्यांची आवडती मला पटेना, माझी त्यांना पटेना. पहिलं बक्षीस तिसऱ्याच फिल्मला गेलं, जी आम्हा तिघांच्याही यादीत दुसरी होती.

मोजायची पद्धतही निकाल बदलते

तिघांच्या खोलीत जे झालं, तसंच काहीसं दहा हजारांच्या मतदानातही होऊ शकतं. त्या पद्धतीला नाव आहे: पसंतीक्रमाचं मतदान. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागात 2010च्या सोहळ्यापासून हीच पद्धत आहे. एकच नाव लिहायचं नाही, एक-दोन-तीन असे क्रमांक द्यायचे.

समजा 100 मतदार आणि तीन चित्रपट. 'क'ला 40 जणांची पहिली पसंती, 'ख'ला 32, 'ग'ला 28. साध्या मोजणीत 'क' जिंकला. पण पसंतीक्रमात कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत म्हणून तळाचा 'ग' बाद होतो आणि त्याच्या 28 मतपत्रिकांवरचं दुसरं नाव पाहिलं जातं. त्यांतल्या 25 जणांनी दुसरा 'ख' लिहिलाय, तिघांनी 'क'. आता 'ख' 57, 'क' 43. तेच मतदार, तेच चित्रपट, विजेता वेगळा.

म्हणून अशा मतदानात चाळीस जणांनी जीव ओवाळून टाकलेला आणि साठ जणांना नकोसा झालेला चित्रपट हरतो, आणि फारसा कुणाला न खुपणारा जिंकतो. 'अरे, हा कसा जिंकला' असं दरवर्षी आपण म्हणतो त्यामागे पुष्कळदा कट नसतो, बेरीज असते.

'दोन्ही मिसळून टाका, वाद मिटला'

हा मधला मार्ग फार समंजस वाटतो. मला तो पटत नाही, निदान जसा केला जातो तसा तरी.

फिल्मफेअरनं 1956पासून वाचकांची मतं आणि तज्ज्ञांची समिती अशी जोड लावली. वीस वर्षांनी तिच्यापुढे 'शोले' आला. मुंबईत एकाच थिएटरात पाच वर्षं चाललेला हा सिनेमा. संवाद आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्याला फिल्मफेअर किती मिळाले? एक. संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. पुढे 2005 साली फिल्मफेअरनंच त्याला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं. वरातीमागून घोडं. चूक लोकांची झाली होती की तज्ज्ञांची? मिश्रणात ते कळायला मार्गच नसतो.

मिसळायचंच असेल, तर युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा करते तसं करावं. तिथे ज्युरीचे गुण वेगळे आणि प्रेक्षकांचे वेगळे, दोन्ही सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. 2023 मध्ये फिनलंडच्या गायकाला प्रेक्षकांनी 376 गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला 243. तरी ज्युरीच्या गुणांमुळे लोरीन जिंकली. लोक चिडले, पण कुणावर चिडायचं हे त्यांना ठाऊक होतं. हीसुद्धा सोय आहे.

लोकप्रिय सिनेमाला स्वतंत्र पुरस्कार द्यावा का? राष्ट्रीय पुरस्कारांत निकोप करमणूक करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा विभाग 1970च्या दशकापासून आहे आणि त्यावरून फारसं कुणी भांडत नाही. ऑस्करनं 2018च्या ऑगस्टमध्ये तसंच काही जाहीर केलं आणि महिन्याभरात गुंडाळलं. लोकप्रिय म्हणजे नक्की काय, हेच त्यांनी सांगितलं नव्हतं. शिवाय त्या वर्षी 'ब्लॅक पँथर' जोरात होता. त्याला मुख्य ताटाऐवजी बाजूच्या पाटावर बसवण्याची ही युक्ती आहे, असं अनेकांना वाटलं. नंतर त्याला मुख्य विभागातच नामांकन मिळालं. गोल्डन ग्लोबनं 2024 मध्ये 15 कोटी डॉलरच्या गल्ल्याची अट घालून नवा विभाग काढला, 'बार्बी' जिंकली. निदान पाटीवर काय लिहिलंय ते तरी स्वच्छ आहे.

रेघ कुठे ओढायची?

मला वाटतं ती लोक आणि आतले यांच्यामध्ये नाही. ती पाहिलेले आणि न पाहिलेले यांच्यामध्ये आहे.

टोरांटोच्या महोत्सवात 1978पासून प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार देतात. मतदार साधे तिकीट काढून आलेले लोक. पण ते खेळाला बसलेले असतात आणि मत देतात ते पाहून झाल्यावर. सगळे स्पर्धक कुणीच पाहत नाही हे खरं, पण न पाहिलेल्यावर मत देता येत नाही, असा किमान रिवाज तिथे आहे. तिथे जिंकलेल्यांची नावं बघा: 'स्लमडॉग मिलियनेअर', 'द किंग्ज स्पीच', 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह', 'ग्रीन बुक', 'नोमॅडलँड'. हे सगळे पुढे ऑस्करलाही सर्वोत्कृष्ट ठरले. लोकांची आवड आणि आतल्यांची आवड यांत आभाळाएवढं अंतर आहे म्हणणाऱ्यांनी ही यादी जवळ ठेवावी. दोघांनी सिनेमा पाहिलेला असला की अंतर बरंच कमी होतं.

आणि उलट बाजूनं, ज्युरीचं खरं काम जिथे लोक अजून पोचलेलेच नाहीत तिथे आहे. रिंकू राजगुरूला 'सैराट'साठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तो 2016च्या मार्चअखेर. सिनेमा लागला एप्रिलच्या 29 तारखेला. नंतर लोकांनी काय केलं ते आपण पाहिलंच. 2017 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा तोही चित्रपटगृहात लागायचा होता. लोकमतावर सोडलं असतं तर त्या दिवशी 'कासव'ला शून्य मतं पडली असती. लोकांना आवडला नाही म्हणून नव्हे, तर लोकांसमोर आलाच नव्हता म्हणून.

'पण असे पुरस्कार बघणार कोण?'

हा शेवटचा आक्षेप टीव्हीवाल्यांचा. 'टायटॅनिक' जिंकला त्या 1998च्या सोहळ्याला अमेरिकेत साडेपाच कोटींहून जास्त प्रेक्षक होते. 2021 मध्ये उरले सुमारे एक कोटी. लोकांनी पाहिलेले सिनेमे घ्या, म्हणजे लोक सोहळा पाहतील, असा त्यांचा सरळ हिशेब.

त्यात तथ्य आहे, पण अर्धं. 2021 कोरोनाचं वर्ष होतं, थिएटरं बंद होती. आणि 2024 मध्ये 'ओपेनहायमर' आणि 'बार्बी' दोन्ही शर्यतीत असताना प्रेक्षक वाढले, तरी दोन कोटींच्या आतच राहिले. एका पडद्यासमोर सगळ्यांनी एकदम बसायची सवयच मोडली आहे. विजेता बदलून ती परत येणार नाही. शिवाय सोहळा ही करमणूक आहे, पुरस्कार हा निकाल आहे. करमणूक चालावी म्हणून निकाल वळवायचा, हे कुस्तीच्या काही प्रकारांत चालतं.

नव्या नियमाचंही फार कौतुक करण्याजोगं नाही म्हणा. ॲपवर सिनेमा लावून माणूस दुसऱ्या खोलीत गेला, तर ॲपला काय कळणार? फॉर्मवर तर विश्वासच ठेवावा लागेल.

त्या लघुपट स्पर्धेची वही माझ्याकडे अजून आहे. परवा हे लिहायच्या निमित्तानं काढली. अडतीस नावं, पुढे गुण, कडेला एकेक शेरा. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरच्या चार फिल्मांपुढे शेरा नाही, नुसते गुण आहेत: सहा, सहा, पाच, सहा. त्यांतली एकही मला आठवत नाही. एकीच्या नावापुढे पेनाची रेघ कागदावरून घसरत खाली गेली आहे, डुलकी लागल्यावर जाते तशी. तिला मी पाच दिले होते.